अबू नासरच्या टीमला लागलेली नजर

अल खोबर
१४ जानेवारी १९९१

मुन्नी,

सलाम. सहा वर्षं तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून मीही बोलत नव्हते. आता लिहितेय ते तुझी आठवण येऊन नव्हे. काम आहे. काम झालं की पुन्हा तोंड फिरवलंस तरी माझी ना नाही.

माझ्या सुनेला, अफशाँला, सातवा महिना लागलाय. इथे आज-उद्या लढाई सुरू होणार असं सगळे म्हणतात. माझ्या जमालने खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्यात आणि दाराखाली ओले टॉवेल खुपसून ठेवलेत. मी म्हटलं, रॉकेट काय टॉवेल बघून माघारी जाणार आहे? तर म्हणतो, "ते विषारी हवेसाठी असतं, अम्मी." आता टॉवेलला कुबट वास येतो तो वेगळाच.

अफशाँला आणि नातीला, झेबाला, तिकडे पाठवायचंय. अफशाँच्या माहेरचे कुवेतहून नेसत्या कपड्यांनिशी पळाले, ते नागपाड्यात एका खोलीत दहा-बारा जण पडलेत. आमच्या बाणकोटच्या घराचं छप्पर गेल्या पावसात खाली बसलं, ते तुझ्या पडवीतून तुला रोज दिसतच असेल. तेव्हा तुझ्याकडे राहतील, बाळंतपण होईपर्यंत. हो की नाही ते कळव. दोन ओळी पुरेत, तुझं अक्षर मला माहीत आहे.

तिकिटाची अडचण नाही. अडचण जमालच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही इथे राहतो त्या अरब मालकाची. त्याच्याकडे आमच्या सगळ्यांचे पासपोर्ट. त्याने सही करून शिक्का मारल्याशिवाय खुरूज मिळत नाही, म्हणजे देशाबाहेर जायचा परवाना. आणि हा बाबा, अबू नासर, सही करत नाही. "बायकामुलं गेली की पुरुषही जातात, मग माझ्या दुकानात फ्रीज दुरुस्त करायला मी बसू का?" म्हणतो. माणूस वाईट नाही. त्याचा बाप मोत्यांच्या धंद्यापायी मुंबईला यायचा, त्यामुळे हिंदी बोलतो, ईदला बकरा पाठवतो. पण तरुणपणी चार वर्षं अमेरिकेत शिकायला होता, तिथून एक खूळ घेऊन आलाय. तिकडचा फुटबॉल.

फुटबॉल म्हणायचं, पण चेंडू असोल्या नारळासारखा आणि पाय लावतात कधीतरी. बाकी सगळा वेळ एकमेकांच्या अंगावर पडायचं, मग उठून विचार करायचा, मग पुन्हा पडायचं. सॅन फ्रान्सिस्को नावाच्या गावाची टीम ही त्याची टीम. अमेरिकन फौजेच्या रेडिओवर ऐकतो. आणि आमच्या जमालने त्याला खूश ठेवायला ते सगळं पाठ केलंय. झेबा कितवीत आहे विचारलं तर हा अडखळतो, पण त्या टीमच्या कुणाचा गुडघा दुखतो ते सांगेल.

दुकान खाली, आम्ही वर. मी चहा द्यायला गेले की तेच चाललेलं. त्यात एक अमेरिकन सार्जंट येतो, ताडासारखा लांब, फौजेचं बर्फाचं मशीन इथे दुरुस्तीला टाकलंय म्हणून. तो न्यूयॉर्कचा. त्याची टीम पण न्यूयॉर्कची. आणि येत्या रविवारी या दोघांची गाठ आहे, जिंकेल तो फायनलला.

काल अबू नासर त्याला म्हणाला (जमालने मला मराठीत सांगितलं), "तुझ्या टीमला चेंडू पुढे न्यायला इतका वेळ लागतो की तोवर माझा उंट मक्केला जाऊन येईल."

सार्जंट म्हणाला, "साहेब, उंट जाऊन येऊ दे. तुमच्या टीमच्या उस्ताद खेळाडूला आमचे लोक असे झोपवतील की त्याला पत्ता विचारावा लागेल."

"दोन वर्षं लागोपाठ आम्हीच जिंकलोय!"

"म्हणूनच आता कंटाळा आला असेल तुम्हाला."

आणि मध्ये आमचा जमाल, इकडेही मान हलवतो, तिकडेही हलवतो. मी कप आपटून ठेवले. दोघांनी "शुकरान, मामा" म्हटलं, म्हणजे आभार; आईला इथे मामा म्हणतात. डोंबलाचं शुकरान. माझी सून वर पाय सुजवून बसलीय.

शेजारच्या बदरुद्दीनला त्याच्या कफीलने सोडलं, तो आज निघतोय. त्याच्या हाती हे देतेय.

खैरुन्निसा

---

१९ जानेवारी

मुन्नी,

लढाई लागली हे तू रेडिओवर ऐकलंच असशील. भोंगा वाजतो, आम्ही चौघं न्हाणीघरात जाऊन बसतो. सोंडेवाला मुखवटा घरात एकच मिळाला. तो कुणी घालायचा यावर नवरा-बायकोचं भांडण. तो म्हणतो तू घाल, ती म्हणते झेबाला घाला, आणि झेबा म्हणते, "आय कान्ट ब्रीद इन धिस." शेवटी तो नळाला टांगून ठेवलाय. धहरानचा विमानतळ आपल्यासारख्यांना बंद झाला. आता जेद्दापर्यंत गाडीने जायचं, तिथून विमान. म्हणजे आखाताच्या काठावरून पार तांबड्या समुद्राच्या काठावर, तेही सातव्या महिन्यात. उशीर केला तर तेही नाही.

तुझी ओळ आली नाही. पोचलीच नसेल म्हणू या.

काल जुम्म्याची नमाज झाल्यावर मी स्वतः अबू नासरच्या घरी गेले. म्हटलं, म्हाताऱ्या बाईला हा नाही म्हणणार नाही. जमालने वाटेत शिकवण दिली, "अम्मी, आधी खुरूजचं बोलायचं नाही. आधी टीमचं चांगलं बोलायचं." घ्या. या वयात आता पोरांच्या धक्काबुक्कीचं कौतुक करायला शिकायचं.

त्याची आई तिथेच तक्क्याला टेकून बसली होती. माझ्याच वयाची, पण हातात सोनं असं की हात उचलवत नव्हता. कहवा आला, खजूर आले. आणि टीव्हीवर जुनी कॅसेट लागली. एक जण नारळ काखेत मारून पळतो, चार जण अंगावर पडतात, तरी नारळ काखेतच. अबू नासर माझ्याकडे बघून म्हणतो, "देखा, मामा? कैसा है?"

मी म्हटलं, "हा बरा आहे. मेला चेंडू कधी सोडायचाच नाही. गोचीड बरी."

जमालने गोचीड वगळून हिंदीत सांगितलं. अबू नासर खूश. पण म्हातारी ताठ झाली. "मा शा अल्लाह बोलो," मला म्हणाली. कौतुक केलं की ते म्हणायचं, नाहीतर नजर लागते, हे काय मला माहीत नाही? पण ती ज्या आवाजात म्हणाली, मुन्नी, तो आवाज मी आधी ऐकलाय. तुझ्या लेकाने, सिराजने, नवी होडी आणली, मी धक्क्यावर उभी राहून "काय देखणी आहे" म्हटलं, आणि पहिल्याच फेरीला ती खडकावर गेली. तू भर अंगणात मला म्हणालीस, "आपा, ये, मीठ-मिरच्या घे, होडीवरून तुझी नजर उतरव." माझ्या जावांसमोर, मासे न्यायला आलेल्या बायकांसमोर. मी तशीच घरी गेले, ती आजपर्यंत तुझ्या दारी आले नाही.

म्हणून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुझ्या नातवाला नाही काही बोलले. टीव्हीतल्या माणसाला कसली नजर?" आणि मा शा अल्लाह काही म्हटलं नाही. जमालने माझ्या पायावर पाय दिला, तरी नाही.

अबू नासरने हसण्यावारी नेलं. म्हणाला, "इतवार को मेरा टीम जीता, तो सोमवार को खुरूज. खलास." म्हणजे आता माझी सून जाणार की नाही हे त्या गोचिडीच्या हातात.

खैरुन्निसा

हे पाठवायला कुणी जाणारा मिळत नाहीये. लिहून उशीखाली ठेवते.

---

२२ जानेवारी

हरले.

सांगू का कसे? मी काही ऐकत बसले नव्हते, जमालने काल सकाळी सांगितलं, पडक्या तोंडाने. शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली होती आणि सॅन फ्रान्सिस्को एका गुणाने पुढे. चेंडू त्यांच्याच हातात. काही करायचं नव्हतं, नुसता धरून ठेवायचा होता. आणि तोच बाबा, तोच कॅसेटमधला, त्याच्याच हातून सुटला. न्यूयॉर्कवाल्यांनी उचलला, पुढे नेला, आणि वेळ संपता संपता दोन खांबांमधून लाथेने उडवला. पंधरा-तेरा.

आता मला सांग, यात माझा काय संबंध? बारा बैल अंगावर पडले तर कुणाच्याही हातून सुटेल. पण अबू नासर दुकानात येऊन जमालला म्हणाला, "तुझ्या आईने म्हटलं होतं ना, कधी सोडत नाही? कधीच सोडला नव्हता त्याने. मामाने म्हटलं आणि सोडला." सार्जंट तिथेच होता. त्याला जमालने अर्थ सांगितला तर तो पोट धरून हसला आणि वर बघून ओरडला, "थँक यू, मामा!" अबू नासर उठून निघून गेला. खुरूजचं नाव नाही. त्याच संध्याकाळी भोंगा दोनदा वाजला आणि अफशाँला न्हाणीघरात कळ आली. थांबली, पण आली.

आणि आज जमाल रिकामी बाटली घेऊन वर आला. अबू नासर कालपासून जेवत नाही, अंथरुणात पडून आहे. त्याच्या आईचं म्हणणं, टीमला लागलेली नजर आता मुलाला लागली. इथली रीत अशी आहे की ज्याची नजर लागली त्याने हातपाय, तोंड धुवायचं आणि ते पाणी ज्याला लागली त्याच्या अंगावर ओतायचं. माझं वुझूचं पाणी हवंय. बाटलीभर.

जमाल म्हणाला, "अम्मी, पाणी तर आहे. द्या."

मी म्हटलं, "पाणी नाही ते. त्यावर माझा अंगठा आहे. दिलं की मी नजरेची बाई झाले. उद्या खोबरमधला एक तरी आपला माणूस मला पोर दाखवील का? बाणकोटला कळायला किती वेळ?"

"बाणकोटला तर आधीच..." म्हणाला.

मी बाटली फेकली. प्लास्टिकची होती, फुटलीसुद्धा नाही.

 अफशाँ झेबाचे कपडे काढून घड्या घालत होती, पिशवीत भरत होती, पुन्हा काढत होती. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

---

२६ जानेवारी

मुन्नी, हे पत्र तू वाचत असशील तेव्हा अफशाँ तुझ्या दारात उभी असेल. आधी तिला बसव, मग वाच.

परवा मी गेले. जमाल नको म्हणत होता, मी एकटी बुरखा घालून गेले. बाटली नाही नेली. म्हातारीला सांगितलं, पाणी हवं ना, मग तुझ्यासमोर देते, पण शिक्का आधी. ती म्हणाली, पाणी आधी. मी म्हटलं, बरं, बसते. आणि बसले. इकडेतिकडे बघायला लागले. "पडदे किती छान," म्हटलं. "बाहेर नवी गाडी आली वाटतं, काय चमकते. आणि हा धाकटा नातू ना तुझा? काय टपोरे डोळे..."

मुन्नी, त्या बाईने पोराला पदराखाली असं ओढलं की बिचारं रडायला लागलं. सोन्याने जड झालेला तो हात किती चपळ होता! मग आतून मुलाला उठवून आणलं.

अबू नासर दाढी वाढवून, चादर पांघरून आला. मी त्याच्यासमोर तस्तात हात धुतले, कोपरं धुतली, तोंड धुतलं, पाय धुतले. म्हातारीने ते पाणी त्याच्या डोक्यावरून ओतलं. अल्लाची शपथ, तो तिथल्या तिथे म्हणाला, "भूक लागली." भाताची परात आणली. खाता खाता त्याचा चेहरा बदलत गेला. हातातला घास तसाच धरून मला म्हणतो, "मामा, न्यूयॉर्क अब फायनल में है."

मी म्हटलं, "असू दे."

"तुम उसका भी तारीफ करो. वो सार्जंट के सामने. मा शा अल्लाह मत बोलो."

ऐकलंस? कालपर्यंत माझ्या नजरेने अंथरुणाला खिळला होता, आता त्याला ती उसनी हवी होती! म्हातारीने कानाला हात लावले, पण तो ऐकेना. "उस लंबू को भी पता चले," म्हणाला.

मी म्हटलं, "नजर अशी हुकमाने लागत नाही. मन मोकळं लागतं. माझं मन खुरूजमध्ये अडकलंय."

त्याने हात धुतले, सही केली, शिक्का मारला. काल सार्जंट मशीन न्यायला आला होता तेव्हा मी चहा घेऊन खाली गेले आणि अबू नासरसमोर बोलले. तुझी टीम चांगली, तुझी पोरं दणकट, त्यांना आता कोण अडवणार, अमुक तमुक. अबू नासर खुर्चीत बसून नुसता मान हलवत होता. सार्जंटने तर दोन्ही हातांनी माझा हात धरला. त्याला वाटलं, म्हातारी मनापासून बोलतेय.

आज जमालने पासपोर्ट कचेरीतून खुरूज आणलं. तो त्यांना जेद्दापर्यंत सोडून परत येईल. अफशाँला वांगं सोसत नाही. झेबा इंग्रजीत उत्तर देईल, तिच्या कानाखाली वाजवायला माझी परवानगी आहे. उशीखालची पत्रंही सोबत बांधून दिलीत.

तुझं हो की नाही मला अजून कळलेलं नाही. तरी पाठवतेय. इथे ठेवण्यापेक्षा तुझ्या उंबऱ्यावर बसलेली बरी.

खैरुन्निसा

---

२ फेब्रुवारी

मुन्नी,

अफशाँचा फोन आला. ओरडून बोलत होती, पण कळलं. जमालचा जेद्दाहून निरोप मिळताच तू सिराजला विमानतळावर पाठवलंस, आणि स्वतःही आली होतीस. गाडी लागते तुला, तरी आलीस. बरं केलंस. करायलाच हवं होतं. तिला माडीवर नको झोपवू, जिना उभा आहे.

फोनवर तीन मिनिटं होती, त्यातला अर्धा वेळ ती सांगत होती की तू सगळी पत्रं उभ्याने वाचलीस, आणि पाण्याचं वाचून पदर तोंडाला लावलास. हसायला की कशाला, ते तिला कळलं नाही. मला विचारायचंही नाही.

फायनलचं सांगते. न्यूयॉर्क जिंकलं. एका गुणाने. शेवटच्या क्षणी दुसऱ्या टीमने दोन खांबांमधून उडवायला लाथ मारली, ती खांबाच्या उजवीकडून बाहेर गेली. न्यूयॉर्कचं काही वाकडं झालं नाही. अबू नासर दुकानात येऊन जमालवर ओरडला, "तुझ्या आईची नजर खोटी! मी खुरूज फुकट दिलं!" सगळ्यांसमोर ओरडला. शेजारचा दर्जी होता, पलीकडचा मलबारी होता, सगळ्यांनी ऐकलं. जमाल म्हणाला, "अम्मी, आता नजरेच्या आळातून तुम्ही सुटलात. खुद्द कफीलच्याच तोंडून." मी म्हटलं, हो, सुटले. बाणकोटलाही कळव म्हटलं. कालपासून शेजारच्या बायका माझ्याकडे पुन्हा चहाला येतात.

सार्जंट दिसला नाही. त्यांची तुकडी वर सरहद्दीकडे गेली, खफजीच्या बाजूला. तिकडे लढाई झाली. बर्फाचं मशीन घेऊन गेला, त्याच दिवशी निघणार होता. चहा देताना मला माहीत होतं. त्याच्या मानेला उन्हाने साल निघालं होतं आणि कुणीतरी विणलेला लोकरी मफलर त्याने खिशात कोंबला होता. त्याची आई कुठेतरी असेलच.

म्हणून त्याच्या टीमचं कौतुक मी मोठ्याने केलं, अबू नासरला ऐकू जाईल असं. आणि मग खाली कपाकडे बघून मनात म्हटलं, मा शा अल्लाह. एकदा टीमसाठी. दोनदा त्याच्यासाठी.

हे जमालला सांगितलेलं नाही. तूही कुणाला सांगू नकोस. पण तुला माहीत असावं. नाहीतर तू समजशील की न्यूयॉर्क जिंकलं म्हणजे आपाची नजर साफ आहे, आणि उद्या अफशाँला पोर झालं की मला हौसेने फोटो पाठवशील. फोटो पाठव. पण आधी तू बघ, तू मा शा अल्लाह म्हण, फुंकर घाल, मग पाकीट बंद कर.

आपा